बारा हात दिसले, चूल दिसली नाही

जेलवरचं लिखाण मराठीत कमी नाही. स्वातंत्र्यसैनिकांच्या तुरुंगवासाच्या आठवणींनी ग्रंथालयांची कपाटं वाकलीत. पण माणूस जेलातून सुटला, पिशवी काखेत मारून फाटकाबाहेर आला, एस्टीत बसला, न्हावऱ्याला उतरून मिळेल त्या टमटमनं गावात आला आणि आपल्याच घराच्या दारात उभा राहिला. तिथून पुढं काय? हे लिहिणारं, दाखवणारं मराठी माणसानं फार थोडं केलंय. जे केलंय त्यातली दोन नावं मोठी आहेत. एक व्ही. शांतारामांचा सिनेमा ‘दो आँखें बारह हाथ’, साल १९५७. दुसरं वसंत कानेटकरांचं नाटक ‘अश्रूंची झाली फुले’, साल १९६६. पहिला हिंदीत असला तरी त्याची माती मराठी आहे. मला या दोघांशी भांडायचंय, आणि भांडून झाल्यावर आपल्या स्वतःच्या लिखाणाशीही.

सिनेमाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. आदिनाथ नावाचा जेलर. त्याचा माणसाच्या चांगुलपणावर विश्वास. खून केलेले सहा कैदी तो जेलाबाहेर काढतो, एका ओसाड माळावर नेतो आणि त्यांना मातीत राबवतो. माळावर भाजी पिकते. सहा जण ती बाजारात नेऊन रास्त भावानं विकतात, तसा बाजारातल्या व्यापाऱ्याच्या पोटात गोळा उठतो. मारामाऱ्या होतात. शेवटी अंगावर सोडलेल्या बैलाशी झुंजताना आदिनाथ मरतो. मरतो तरी त्याचे डोळे मरत नाहीत. ते आभाळात राहतात आणि सहा जणांवर पहारा ठेवतात. बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाला रौप्य अस्वल मिळालं, आपल्याकडं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. वसंत देसाईंच्या चालीतली त्यातली प्रार्थना अजून शाळाशाळांतून म्हटली जाते. मीही म्हटलीय, रांगेत उभं राहून, डोळे मिटून.

सिनेमा वाईट आहे असं मी म्हणत नाही. कुणी म्हटलं तर मी त्याच्याशीही भांडेन. खुनी म्हणून ज्यांना समाजानं गाडून टाकलं त्यांच्या हातात कुदळ देऊन त्यांना माणूस म्हणून पडद्यावर उभं करणं १९५७ साली सोपं नव्हतं. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगाचं चित्रण करताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना इजा झाली होती. माणसानं त्यात जीव ओतला होता. माझं भांडण त्या डोळ्यांशी आहे.

कैदी पळून जायला निघतात तेव्हा त्यांना साहेबाचे डोळे दिसतात. हात थांबतात, पाय माघारी फिरतात. पांढरपेशा समीक्षक याला सद्सद्विवेकबुद्धी म्हणतो. वा! पण ज्या जातीजमातींच्या मागं इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगारीचा शिक्का लावायला सुरुवात केली, त्यांच्या नातवाला विचारा की माणूस समोर नसतानाही पाठीवर रोखलेले साहेबाचे डोळे म्हणजे काय. तो सांगेल, त्याला आमच्यात हजेरी म्हणतात. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा कितीतरी लोकांची हजेरी घेतली जायची. जन्मलेलं पोर अजून रांगत नाही तोवर त्याच्या नावावर संशय जमा. पाटलाला सांगितल्याशिवाय गाव सोडायचं नाही, पावण्याकडं मुक्काम करायचा तर दाखला हवा. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती. हा कायदा १९५२ साली गेला. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि ठाण्यातल्या वहीत नावं नव्या शाईनं पुन्हा उतरली. म्हणून सिनेमात डोळे आभाळात चढले की तिकडच्या प्रेक्षकाला भरून येतं, आणि आपल्यातला माणूस खुर्चीत चुळबुळ करतो. तो डोळा त्याच्या ओळखीचा असतो.

(बाबासाहेबांनी हा प्रश्न आपल्याहून वेगळा मानला नव्हता. ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत त्यांनी अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती यांना एकाच रांगेत उभं करून हिंदू संस्कृतीला जाब विचारलाय. आणखी एक. १९२८ साली मुंबई सरकारनं दलित आणि आदिवासींच्या स्थितीवर जी समिती नेमली तिचा अध्यक्ष स्टार्ट हा सेटलमेंटांवरचाच साहेब होता, आणि बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. समितीच्या टेबलावर कोण कुणाशेजारी बसलं होतं हे आपल्या पोरांनी एकदा वाचावं.)

आता खरी मेख सांगतो. या सिनेमामागं एक खरी जागा आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडात जन्मलेला इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन, जो पुढं भारतानंद झाला, या दोघांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथं कैद्यांची मोकळी वसाहत सुरू केली. भिंत नाही, बेड्या नाहीत. सिनेमाचं लेखन केलं ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे त्याच औंध संस्थानातल्या, त्याच आटपाडीकडच्या माणसानं. तेव्हा तिथं काय चालतं हे लेखकाला ऐकून-बघून माहीत असणारच.

आणि तिथं काय चालतं? स्वतंत्रपुरात कैदी आपल्या बायकापोरांसकट राहतो. हीच त्या प्रयोगाची खरी गोम आहे. कैद्याला खोली, कैद्याला शेतीचा तुकडा, आणि खोलीत त्याची बायको, त्याची पोरं, त्याची चूल. सकाळी तो शेतात जातो, पोरगं शाळेत जातं, संध्याकाळी भाकरी थापल्याचा आवाज येतो. पळून जावंसं वाटलं तर त्याला आभाळातले डोळे अडवत नाहीत. अडवतं ते झोपलेलं पोर. संस्थान १९४८ साली विलीन झालं, वसाहत राज्याच्या कारागृह खात्याकडं गेली, पण कुटुंबासकट राहण्याची रीत टिकली.

आता पडद्याकडं बघा. सिनेमानं तिथला माळ उचलला. कुदळ, भाजी, भिंतीवाचून जेल, सगळं उचललं. फक्त चूल तेवढी ठेवून दिली. सहा बाप्ये आणि एक साहेब. सहांपैकी एकाचंही भांडीकुंडी मांडलेलं घर गोष्टीच्या मध्यावर येत नाही. घरचं माणूस आलंच तर ते कडेला. बाईच्या जागी आहे खेळणी विकणारी चंपा, ती गाते, नाचते, आणि तिचं मन साहेबावर. म्हणजे खऱ्या प्रयोगात माणसाला माणसात आणणारी जी गोष्ट होती, तीच काढून तिच्या जागी साहेबाचे डोळे बसवले. प्रस्थापितांच्या कलेत हे असंच होतं. बाईनं केलेलं काम देवाच्या नावावर जातं, देव मिळाला नाही तर साहेबाच्या.

हे मला पुस्तकातून सुचलेलं नाही. वडगाव रासाईत, भीमेच्या अलीकडं, आम्ही काही पोरांनी विहाराच्या भिंतीला पांढरी चादर बांधून हा सिनेमा दाखवला. कारखान्याचा पट्टा पडलेला, ऊसतोडीला गेलेली माणसं माघारी आलेली, त्यामुळं वस्ती भरलेली. बाप्ये मंडळींना बैलाची झुंज आवडली. लहान पोरांना चंपा. आमच्यातली एक आक्का (नाव सांगत नाही, तिचा नवरा बरीच वर्षं आत होता आणि आता सुटून आलाय) शेवटपर्यंत पदर तोंडाशी धरून बसली होती. मला वाटलं रडतीय. दिवे लागले तर डोळे कोरडे. म्हणाली,

“आरं बाबा, ह्या सहांच्या बायका कुटं हायत?”

मी म्हटलं, आक्का, सिनेमात त्या दाखवल्या नाहीत.

“मंग त्यांचं कसं चाललं आसंल? त्यो सायेब तर ह्यांनाच संबाळतोय.”

कुणीतरी हसलं. आक्का हसली नाही. पुढं म्हणाली, “आत गेलेल्याला ताट मिळतं सरकारचं. भाईर ऱ्हायलेल्याला कोन इचारतं?”

सिनेमावरची याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.

तिचं ऐकल्यावर मी तिच्याकडं चार-पाच वेळा जाऊन बसलो. ती काय सांगते ते ऐका, कारण यातलं एकही दृश्य आपल्या नाटक-सिनेमात नाही. नवरा आत गेला तेव्हा धाकटं पोट्यात होतं. पहिल्या वर्षी दीर-जावांनी विचारपूस केली, दुसऱ्या वर्षी भिंत घातली. ती कोयता घेऊन उसात गेली. पण ऊसतोडीची उचल जोडीला मिळते, नवरा-बायकोच्या कोयत्याला. एकट्या बाईला मुकादम अर्धा कोयता धरतो. मग तिनं भावाच्या पोराला जोडीला घेतलं. येरवड्याला भेटीला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, एस्टीचं भाडं जातं, वर पोरांना न्यावं की नाही हा घोर. वर्षातून तीनदा जायची, मग एकदा. रेशनकार्डावर अंगठा उमटवायची वेळ आली तेव्हा कचेरीत म्हणाले, माणूस हजर करा. माणूस कुठून हजर करायचा? नाव कमी झालं. म्हणजे सरकारनं एका हातानं माणूस नेला आणि दुसऱ्या हातानं तो नाही म्हणून त्याचं धान्य कापलं.

आणि मग तो सुटून आला. लोक म्हणतात, आनंद झाला असेल. आक्का म्हणते, “आनंद झाला, पन भ्याव बी वाटलं.” इतकी वर्षं घरात तिचा शब्द चालत होता. पैसा तिच्या कनवटीला. थोरला पोरगा हाताशी आलेला, त्याला बापाची सवय नाही. धाकट्यानं तर बापाला पहिल्यांदा ‘अहो’ म्हटलं, पावण्याला म्हणावं तसं. नवरा रात्री झोपेत उठून उभा राहतो, मोजणीला उभं राहावं तसा. दाराला आतून कडी लावली की त्याला घाम फुटतो, म्हणून दार उघडं ठेवून सगळे झोपतात. थंडीतसुद्धा. पहिल्या महिन्यात तो घरातल्या घरात विचारायचा, “पाणी पिऊ का?”

मला सांगा, यात नाट्य कमी आहे?

कानेटकरांच्या नाटकाकडं येतो. ‘अश्रूंची झाली फुले’ नाट्यसंपदेनं गाजवलं, प्रभाकर पणशीकरांचा विद्यानंद आणि काशिनाथ घाणेकरांचा लाल्या. १९६९ साली त्यावर ‘आँसू बन गये फूल’ हा हिंदी सिनेमाही आला. गोष्ट अशी की प्राचार्य विद्यानंद तत्त्वनिष्ठ, सचोटीचा माणूस. संस्थेतले बदमाश त्याला खोट्या प्रकरणात अडकवतात, तो जेलात जातो, आणि बाहेर येतो तो सूडाला पेटलेला, गुन्हेगार झालेला. ज्या वाया चाललेल्या पोराला त्यानं घडवलं तो लाल्या मधल्या काळात पोलीस अधिकारी झालेला असतो. आता गुरू चोर आणि शिष्य पोलीस. प्रसंग बांधण्यात कानेटकर पक्के, शंका नाही. टाळ्या कुठं पडणार हे त्यांना ठाऊक.

पण या नाटकाचा अश्रू कुठून येतो ते तपासा. विद्यानंद निर्दोष आहे. आत जाण्याआधी तो प्राचार्य आहे. प्रेक्षकाला रडू येतं ते ‘असला माणूस जेलात?’ म्हणून. म्हणजे जेल ही जागा मुळात दुसऱ्या कुणाची तरी आहे हे प्रेक्षकानं आणि नाटककारानं आधीच मान्य केलंय. चुकून आपला माणूस तिथं गेला, हे दुःख. विद्यानंदाच्या जागी आमच्या वस्तीतला माणूस ठेवा. त्याच्यावर वाळूचोरीचा गुन्हा आहे. भीमेच्या पात्रातून रात्री वाळू उपसली जाते हे शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांना ठाऊक आहे. बोट एकाची, ट्रक दुसऱ्याचा, पैसा तिसऱ्याचा, आणि गार पाण्यात कमरेइतका उतरलेला हा. धाड पडली की पहिला सापडतो तो हाच, कारण पाण्यातून पळता येत नाही. हा निर्दोष नाही. यानं वाळू काढलीय. मग याच्यासाठी रडायचं की नाही? मराठी रंगभूमीकडं या प्रश्नाचं उत्तर नाही, कारण तिच्याकडं फक्त निर्दोष माणसासाठी अश्रू आहेत.

आणखी एक. विद्यानंद बाहेर येऊन सूड घेऊ शकतो. सूड घ्यायला भांडवल लागतं, ओळखी लागतात, बोलण्याची ढब लागते. माळीवाड्यातला, महारवाड्यातला, रामोशीआळीतला सुटलेला माणूस पहिल्या दिवशी सूडाचा विचार करत नाही. तो विचार करतो की उद्या कामावर कोण घेईल. आमच्यातला एक पोरगा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला लागणार होता. एका ठेकेदारानं पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला. दाखल्यात केस दिसली. केस कसली, निकाल लागला की नाही, हे विचारायच्या आधीच फाईल माघारी. तो आता वीटभट्टीवर आहे. वीटभट्टीवर आणि उसाच्या फडात दाखला मागत नाहीत. उसाच्या फडात आधी उचल देतात आणि मग ती फेडीपर्यंत माणूस सोडत नाहीत. एका जेलातून दुसऱ्या जेलात बदली, इतकंच.

‘मुळशी पॅटर्न’बद्दल आपली पोरं फार बोलतात म्हणून दोन वाक्यं. २०१८ साली आलेल्या या सिनेमानं पुण्याच्या वेशीवरच्या जमिनीचा पैसा आणि त्यातून आलेली गुंडगिरी दाखवली, ते खरं आहे आणि बापाच्या भूमिकेतले मोहन जोशी विसरता येत नाहीत. पण तिथं दुःख जमीन विकल्याचं आहे. ज्यांच्याकडं विकायला कधी जमीनच नव्हती त्यांनी त्या दुःखावर किती नाचायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आता आपल्या घरात येऊ. दुसऱ्याच्या डोळ्यातलं काढलं, आपल्यातलं बघायला नको?

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ सालची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. मांगांवर लादलेली हजेरी, भुकेनं मरणारा वाडा, त्यासाठी फकिरानं फोडलेला खजिना, आणि आपल्या माणसांना सोडवण्यासाठी त्यानं स्वतःहून दिलेली अटक. मी ही कादंबरी वाचून मोठा झालो. पण फकिरा फासावर जातो. त्याला घरी परतायचं नाही. वीराला परतायचं नसतं हीच वीराची सोय असते. फाशी एका दिवसात संपते. सुटून आलेल्याला रोज सकाळी उठावं लागतं.

लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं, पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इथं मात्र घर आहे. पोलीस घरात शिरतात, भांडी विस्कटतात, आजोबांना ठाण्यात हजेरी द्यावी लागते, बाया मार खातात. भिंतीच्या आतलं जेल गायकवाडांनी दाखवलं. भीमराव गस्तींचं ‘बेरड’ही त्याच सुमाराचं. ही पुस्तकं नसती तर मला आज हे लिहायला शब्दच मिळाले नसते. तरीपण माझी एक तक्रार आहे आणि ती मी आदरानंच मांडतो. आपल्या आत्मकथनांत पोरगा शिकतो, वर येतो, सांगतो. सांगणारा तो असतो. त्याची आई सोसणारी असते. सोसताना ती काय ठरवत होती, नवऱ्याला घरात घ्यायचं की नाही हे तिनं कोणत्या रात्री ठरवलं, कुणाला विचारून ठरवलं, हे आपल्या पानांवर येत नाही. आपण तिला माउली केलं. माउली केलं की तिला निर्णय नसतो, फक्त माया असते. शांतारामबापूंनी चूल गाळली आणि आपण चुलीपुढच्या बाईला धुरात ठेवलं. फरक आहे, पण मी म्हणतो तेवढा मोठा नाही.

आणि तिचा निर्णय कायद्यानंसुद्धा मोजलाय बरं का. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला महाराष्ट्रात संचित रजा असते, अभिवचन रजा असते. पण ती मिळवायला घरच्या कुणीतरी जामीन राहावं लागतं, आणि पोलीस गावात येऊन अहवाल देतात की हा माणूस आला तर गावाची शांतता राहील काय. गावाची शांतता! गावात कुणाची शांतता मोजली जाते हे आपल्याला सांगायला नको. ज्याच्या बायकोच्या सहीला किंमत नाही, ज्याच्या बाजूनं बोलायला गावात कुणी पुढं येत नाही, त्याची रजा अडते. आक्काच्या नवऱ्याची दोनदा अडली. तिसऱ्या वेळी ती स्वतः ठाण्यात जाऊन बसली, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, आणि म्हणाली, माझा नवरा आहे, मी जामीन आहे, लिहा. हा प्रसंग कुठल्याही नाटकाचा पहिला अंक होऊ शकतो. पडदा उघडतो, ठाण्याचं बाकडं, एक बाई, बाजूला भाकरीचं गाठोडं. कुणी तिच्याशी बोलत नाही. दहा मिनिटं कुणी बोलत नाही.

भिंतीच्या आतही जात सुटत नाही हे तर आता सर्वोच्च न्यायालयानंच लिहून दिलंय. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल लागला. जेलच्या नियमपुस्तकांत कुणी स्वयंपाक करायचा आणि कुणी संडास झाडायचे हे जातीनं ठरवणारी कलमं होती, ती घटनाविरोधी ठरली. विमुक्त जमातींना जन्मानं सराईत मानणारी भाषाही गेली. नोंदवहीतला जातीचा रकाना काढा असं सांगितलं. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. ‘दो आँखें’ पाहताना मला आता हेच सुचतं की माळावर त्या सहांत भाकरी कोण करत होता? साहेबानं कुणाला काय काम दिलं? सिनेमा सहाही जणांना जात देत नाही. त्याला वाटतं, जात न सांगणं म्हणजे जात नसणं.

शिवाय सुटून येणारे सगळे शिक्षा भोगून येतात असंही नाही. सरकारी आकडा बघा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे चारांतले तीन जण असे की ज्यांच्यावर गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. यांची गोष्ट आणखी अवघड. विद्यानंदासारखी निर्दोष म्हणून टाळी नाही, आदिनाथासारखा साहेब नाही. जामिनाला पैसा नाही म्हणून आत, आणि एक दिवस तारखेला न्यायाधीश सोडून देतो तेव्हा गावाला काय सांगायचं? गाव म्हणतं, काहीतरी केलं असल्याशिवाय नेतात व्हय?

२०१८ च्या १ जानेवारीनंतर आपल्या भागात काय झालं ते वेगळं सांगत नाही. कोरेगाव भीमा आपल्याच तालुक्याच्या पट्ट्यातलं. बंदनंतर राज्यभर वस्त्यावस्त्यांत पोलीस फिरले, पोरांवर गुन्हे दाखल झाले, त्यातले पुष्कळ पुढं सरकारनं मागं घेतले. तेव्हा आपण काय केलं? मोर्चे काढले, निवेदनं दिली, वकील गाठले, वर्गणी जमवली. चांगलं केलं. पोरगं सुटलं तेव्हा ठाण्याच्या दारात घोषणा दिल्या, हार घातला. आणि नंतर? हार सुकल्यावर त्या पोराच्या घरी कोण गेलं? भरतीचं वय निघून चाललेलं, आई दाखल्यासाठी हेलपाटे घालतीय, ठरत आलेलं लग्न मोडलेलं. चळवळीला आत गेलेला माणूस हवा असतो, बाहेर आलेला माणूस तिला अवघडल्यासारखा करतो. आपल्या कवितांतही तसंच आहे. बेड्यांवर कविता ढिगानं, बेड्या निघाल्यावर मनगटावर राहिलेल्या वळाला काय लावायचं यावर एकही नाही.

आक्काच्या घरची पुढची हकिकत एवढीच की नवरा आता तिच्याच कोयत्याला जोडीदार म्हणून लागला. भावाचा पोरगा मोकळा झाला. पहिल्या हंगामात उचल मुकादमानं नवऱ्याच्या हातात ठेवली आणि आक्कानं ती सगळ्यांदेखत त्याच्या हातातून घेतली, मोजली आणि कनवटीला लावली. नवरा काही बोलला नाही. फडातली माणसं हसली. तो पण हसला, उशिरानं.

असलं लिखाण मला या पानांवर हवंय. शुद्धलेखनाची भीती घालू नका स्वतःला. ज्याला लिहिता येतं त्यानं आपल्या गल्लीतल्या अशा घरात जाऊन बसावं, आईचं, बायकोचं, थोरल्या पोरीचं बोलणं तिच्याच भाषेत उतरवावं, नावगाव बदलावं, आणि तिला वाचून दाखवल्याशिवाय धाडू नये. ती म्हणाली हे काढ, तर काढावं. केस चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय एक ओळ छापायला देऊ नये. नाटक करता आलं तर उत्तमच. आमच्याकडं चादर आहे, विहाराची भिंत आहे, आणि ठाण्याच्या बाकड्यावर बसायला एक बाई तयार झालीय. तिला फक्त विचारायचंय की भाकरीचं गाठोडं खरं आणू का नुसतं फडकं.